दंड कोणाच्या हाती : पांड्य परंपरेतील राजाचे उत्तरदायित्व

दंड करणाऱ्या राजाला दंड कोणी करायचा, हा प्रश्न प्राचीन भारतीय राजनीतिशास्त्राने टाळलेला नाही. मात्र त्याला दिलेले उत्तर पुरेसे आहे असे म्हणता येत नाही. ज्या अपराधासाठी सामान्य माणसाला एक कार्षापण दंड होतो त्याच अपराधासाठी राजाला एक हजार कार्षापण दंड व्हावा, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो आणि नवव्या अध्यायात वरुण हा राजांवरही दंड धारण करणारा अधिपती मानला आहे. निरपराध माणसाला दंड केल्यास राजाने त्या दंडाच्या तीसपट रक्कम वरुणाला उद्देशून पाण्यात ठेवावी व मग ती ब्राह्मणांना द्यावी, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सुचवते. तत्त्व म्हणून हे उदात्त आहे. परंतु अपराध घडला की नाही हे ठरवणारा, रक्कम मोजणारा आणि ती पाण्यापर्यंत नेणारा राजाच असल्यामुळे हा दंड बव्हंशी प्रायश्चित्ताच्या स्वरूपाचा राहतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस या सर्व व्यवहारात कोठेच उभा दिसत नाही.

तमिळ भूमीतील पांड्य राजांची परंपरा या प्रश्नाच्या संदर्भात विशेष लक्ष देण्याजोगी ठरते, कारण तेथे राजासमोर तो माणूस पुन्हा पुन्हा येऊन उभा राहतो. चोळ, चेर आणि पांड्य या तीन मुकुटधारी घराण्यांपैकी पांड्यांची सत्ता द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाकडे, वैगै आणि ताम्रपर्णी या नद्यांच्या प्रदेशात होती. मदुरै ही त्यांची राजधानी, कोर्कै हे मोत्यांसाठी प्रसिद्ध असलेले त्यांचे बंदर आणि मासा हे त्यांचे राजचिन्ह. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील अशोकाच्या दुसऱ्या व तेराव्या शिलालेखांत पांड्यांचा उल्लेख साम्राज्याबाहेरचे शेजारी म्हणून येतो, तर पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात कोर्कैच्या समुद्रात शिक्षा झालेल्या कैद्यांकडून मोती काढून घेतले जात असल्याची नोंद आहे. ही दुसरी नोंद पुढील विवेचन वाचताना विसरता कामा नये, कारण न्यायाची कीर्ती सांगणाऱ्या राज्याची संपत्तीही दंड झालेल्यांच्या श्रमांतून येत होती. अशोकाच्या काळापासून सतराव्या शतकाच्या आरंभी तेनकाशी परिसरात मावळलेल्या छोट्या शाखेपर्यंत पांड्य हे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकले. हा एकच अखंड वंश होता असे मात्र नाही, मध्ये मोठे खंड पडले आणि प्रत्येक नव्या घराण्याने जुन्या नावाचा वारसा स्वतःकडे ओढून घेतला. साम्राज्यविस्तार आणि आरमार या बाबतींत चोळ त्यांच्यापुढे गेले, हे मान्य करूनही राजाच्या नैतिक स्थानाचा विचार पांड्यांच्या कथांइतका चोळांच्या कथांत झाला आहे असे वाटत नाही.

या विचाराच्या मुळाशी ‘अरम्’ ही तमिळ कल्पना आहे. संस्कृतातील धर्म या संकल्पनेशी तिचे जवळचे नाते असले, तरी अरम् मध्ये वर्णाश्रमातील कर्तव्यांपेक्षा योग्य वर्तन, दान आणि न्याय यांवर अधिक भर आहे. ‘पुरनानूरु’ या इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील चारशे कवितांच्या संग्रहात मरुदन इळनागनार हा कवी नन्मारन या पांड्य राजाला बजावतो, की हत्ती, घोडे, रथ आणि योद्धे कितीही असले तरी राजाच्या विजयाचा पाया अरम् हाच असतो, आणि म्हणून आपल्या माणसासाठी राजदंड वाकवू नये व परक्याचे गुण नाकारू नयेत. त्याच संग्रहात कुडपुलवियनार हा कवी तलैयालंगानम् येथील लढाईचा विजेता नेडुंचेळियन याला सांगतो, की परलोकातील संपत्ती, इहलोकातील बळ आणि मागे उरणारी कीर्ती यांपैकी काहीही हवे असेल तर पाणी अडवून तळी बांधावीत, कारण अन्न देणारा जीव देतो आणि अन्न म्हणजे माती व पाणी यांचा संयोग होय. स्वर्गाचा मार्ग यज्ञमंडपाऐवजी तळ्याच्या बांधावरून दाखवणारा हा उपदेश ज्या राजवंशातील राजाला केला गेला, त्याच राजवंशात मुदुकुडुमी पेरुवळुदी हा पूर्वज अनेक यज्ञशाळांचा स्वामी म्हणून गौरवला जात होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

याच नेडुंचेळियनच्या नावावर एक प्रतिज्ञापर कविता आहे. वयाने लहान म्हणून हिणवणाऱ्या शत्रूंना जिंकले नाही तर स्वतःला काय भोगावे लागावे, याची यादी तो तीत देतो : छत्राखालच्या प्रजेने अश्रू ढाळत आपला राजा क्रूर आहे असे म्हणावे, मांगुडी मरुदनसारख्या श्रेष्ठ कवींनी आपल्या भूमीचे गायन सोडून द्यावे, आणि मागणाऱ्याला देता येणार नाही इतके दारिद्र्य यावे. या तीन शापांपैकी एकाचाही संबंध नरकाशी, पुढील जन्माशी किंवा देवाच्या कोपाशी नाही. प्रजेचा निषेध, कवीचे मौन आणि याचकासमोर येणारी लाज, अशा तीन माणसांच्या हाती राजाने येथे स्वतःचा दंड सोपवला आहे. आणि ज्या मांगुडी मरुदनचे नाव त्याने घेतले, त्याने ‘मदुरैक्कांची’ या ७८२ ओळींच्या दीर्घकाव्यात याच राजाला त्याच्या वैभवाचे वर्णन ऐकवता ऐकवता आजवर किती राजे येऊन गेले याची आठवण करून दिली, हे पाहता कवीचा हा अधिकार केवळ अलंकारापुरता नव्हता असे दिसते. अर्थात प्रतिज्ञेतील अट युद्ध जिंकण्याची आहे, न्याय करण्याची नाही. अन्यायाबद्दल खरोखर दंड भोगणारा पांड्य राजा भेटतो तो पुढील काळातील महाकाव्यात.

इळंगो अडिगळ याच्या नावावर असलेल्या ‘शिलप्पदिकारम्’ या काव्याचा काळ वादग्रस्त असला, तरी बरेच अभ्यासक तो पाचव्या शतकाच्या आसपास मानतात. पुहार, मदुरै आणि वंजी या चोळ, पांड्य व चेर राजधान्यांच्या नावांनी काव्याचे तीन भाग पडतात, आणि परंपरेनुसार चेर राजपुत्र असूनही संन्यास घेतलेल्या कवीने अन्यायाचा प्रसंग पांड्यांच्या मदुरैत घडवला आहे. संपत्ती गमावलेला व्यापारी कोवलन पत्नी कण्णगीच्या पायातील एक पैंजण विकण्यासाठी मदुरैत येतो. राणीचे पैंजण स्वतःच चोरलेला दरबारी सोनार त्याच्यावर चोरीचा आळ घेतो, आणि रुसलेल्या राणीची समजूत काढण्याच्या घाईत असलेला राजा चौकशी न करता, पैंजण त्याच्याजवळ सापडल्यास त्याला ठार करून ते आणावे, अशी आज्ञा देतो. पतीच्या वधानंतर दुसरे पैंजण हातात घेऊन कण्णगी राजद्वारी येते. राणीच्या पैंजणात मोती आहेत, कण्णगीच्या पैंजणात माणके. ते फोडताच माणिक उसळून बाहेर पडते, आणि आपण राजा नसून आपणच चोर आहोत असे म्हणत राजा सिंहासनावरून कोसळून प्राण सोडतो. राणीही त्याच्यापाठोपाठ जाते.

या प्रसंगातील न्यायप्रक्रियेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कण्णगी परदेशी आहे, स्त्री आहे, नुकतीच विधवा झालेली आहे. तिच्या बाजूने कोणी साक्षीदार नाही आणि राजसभेत तिचा कोणी आप्त नाही. तरीही राजा तिला आत बोलावतो, तिचे म्हणणे ऐकतो, चोराला मारणे हा अन्याय नव्हे असा आपला बचाव मांडतो, राणीच्या पैंजणात काय आहे हे स्वतःच सांगतो आणि पुरावा विरुद्ध जाताच क्षणभरही दुसरी पळवाट शोधत नाही. मनूच्या राजाप्रमाणे हजारपट रक्कम मोजण्याचा विचारही त्याला शिवत नाही. तमिळ परंपरेत न्यायी राज्याला ‘सेंगोल’, म्हणजे सरळ राजदंड, आणि अन्यायी राज्याला ‘कोडुंगोल’, म्हणजे वाकडा राजदंड, असे म्हणतात. पुढे चेर राजा सेंगुट्टुवन ही वार्ता ऐकतो तेव्हा, अन्यायाची बातमी इतर राजांच्या कानी पोहोचण्याआधीच पांड्याने प्राण देऊन वाकलेला दंड सरळ केला, असे उद्गार काढतो आणि पाऊस न पडण्याचे भय, प्रजा दुःखी होण्याचे भय, अशा भयांनी वेढलेला राजजन्म हेवा करण्याजोगा नाही असेही म्हणतो.

काव्याच्या प्रस्तावनेत तीन सूत्रे सांगितली आहेत : राजकारणात चुकणाऱ्याला अरम् हेच यम होते, पतिव्रतेची थोर लोक स्तुती करतात, आणि पूर्वकर्म येऊन फळ देतेच. यांपैकी पहिले आणि तिसरे सूत्र एकत्र ठेवले की खरी तात्त्विक अडचण उभी राहते. राजाच्या मृत्यूनंतर संतापलेली कण्णगी मदुरै जाळत असताना नगराची अधिष्ठात्री देवता तिच्यासमोर येऊन सांगते, की पूर्वजन्मी कोवलनने संगमन नावाच्या निरपराध व्यापाऱ्याला हेर ठरवून मारवले होते आणि त्याच्या पत्नीचा शाप आता फळाला आला आहे. कोवलनचा वध जर त्याच्याच कर्माने अटळ होता, तर राजा केवळ निमित्त ठरतो. आणि निमित्ताला अपराधी का मानावे?

काव्यावर जैन विचाराची दाट छाया असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तरही त्या विचाराच्या परिभाषेत शोधणे योग्य होईल. जैन कर्मसिद्धांतात प्रत्येक जीव स्वतःच्या कर्माचे फळ भोगतो, परंतु दुसऱ्याच्या कर्मफळाला निमित्त होताना ज्या क्रोधाने, लोभाने किंवा प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने, कृती घडते तिचे स्वतंत्र कर्म कर्त्याला चिकटतेच. कोवलनला मरण का आले याचे उत्तर संगमनच्या कथेत असेल. राजाने चौकशी का केली नाही याचे उत्तर त्या कथेत मुळीच नाही. पीडिताच्या दुःखाचे कारण आणि पीडा देणाऱ्याचा दोष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तरच कर्मवाद आणि न्याय एकत्र नांदू शकतात, आणि कवीने हा भेद कोठेही सिद्धांतरूपाने न मांडता कथेच्या रचनेतून सांभाळला आहे : पूर्वजन्माची हकिगत सांगितली जाते ती राजाच्या मृत्यूनंतर आणि तीही कण्णगीला, राजाला या समर्थनाचा आधार घेण्याची संधीच मिळत नाही. पूर्वकर्माचा दाखला अन्याय करणाऱ्याच्या तोंडी आला की त्याचे सांत्वनमूल्य संपून ती सबब होते, हे भारतीय समाजाच्या दीर्घ इतिहासात वारंवार दिसून आले असल्याने कवीच्या या संयमाचे मोल अधिक वाटते.

तीच नगरदेवता पांड्यांच्या जुन्या न्यायाच्या कथाही सांगते, आणि त्यांतील वार्तिक नावाच्या ब्राह्मणाची कथा विशेष आहे. त्याच्या लहान मुलाच्या अंगावरील दागिने पाहून राजपुरुषांनी राजाचे गुप्तधन चोरल्याच्या संशयावरून वार्तिकाला कैद केले, तेव्हा दुर्गेच्या देवळाचे दार उघडेनासे झाले. राजाने चौकशी करून चूक कबूल केली, ब्राह्मणाला गावे दिली आणि भूमीवर लोटांगण घातले. येथे देवता शिक्षा देत नाही, ती फक्त स्वतःचे दार बंद करते, आणि चूक शोधण्याचे काम राजावरच सोपवते.

परंतु ‘शिलप्पदिकारम्’मध्येच या उदात्त चित्राला तडा देणारा एक प्रसंग आहे, आणि पांड्यांच्या न्यायाची थोरवी गाणारे त्याकडे बहुधा दुर्लक्ष करतात. राजाच्या मृत्यूनंतर पाऊस पडेना, रोगराई पसरली, तेव्हा कोर्कै येथे असलेल्या वेट्रिवेर्चेळियन या वारसाने एकाच दिवशी एक हजार सोनारांचा बळी देऊन कण्णगीला शांत केले, असे काव्य सांगते. एका सोनाराच्या अपराधासाठी हजार सोनार मारले गेले. त्यांच्यापैकी कोणाची चौकशी झाली नाही आणि त्यांच्यापैकी कोणाचीही विधवा पैंजण घेऊन राजद्वारी आली नाही. संख्या काव्यगत असेल, घटनाही काल्पनिक असेल, तरी ज्या काव्याने चौकशीविना झालेल्या एका वधासाठी राजाचे प्राण घेतले त्याच काव्याने हे सामूहिक हत्याकांड शांतिकर्म म्हणून स्वीकारावे, यातून त्या नीतिकल्पनेची मर्यादा उघड होते. दारात येऊन उभा राहणाऱ्यालाच न्याय मिळतो. जो येऊ शकत नाही, त्याच्यासाठी या व्यवस्थेत जागा नाही.

हीच शक्ती आणि हीच मर्यादा काव्याबाहेरच्या पुराव्यातही आढळते. आठव्या शतकातील नेडुंजडैयन परांतक या पांड्य राजाचा वेळ्विक्कुडी ताम्रपट संस्कृत व तमिळ अशा दोन्ही भाषांत आहे. त्यानुसार राजा मदुरैतून जात असताना एका ब्राह्मणाने आक्रोश करून त्याला थांबवले : मुदुकुडुमी पेरुवळुदीने यज्ञाच्या वेळी आपल्या पूर्वजाला दिलेले वेळ्विक्कुडी हे गाव मधल्या काळात कळभ्र राजाने हिरावून घेतले, पुढे कडुंगोन या पांड्याने कळभ्रांची सत्ता मोडली, तरी गाव परत मिळालेले नाही. राजाने हसून, असे असेल तर नाडूच्या साक्षीने, म्हणजे त्या प्रदेशातील प्रमुखांकरवी, ते सिद्ध करावे असे सांगितले. त्याने ते सिद्ध केले, आणि पूर्वजांनी रीतीनुसार दिलेले आपणही दिले आहे असे म्हणून राजाने गाव परत केले.

शतकांपूर्वी मेलेल्या राजाचे वचन जिवंत राजाला बांधील का असावे, हा येथला प्रश्न आहे. मृताच्या दानातील पुण्य मृताचे असते. वारसाला ते पाळण्याचे कारण काय? ताम्रपटातील दीर्घ वंशावळीत याचे उत्तर दडलेले आहे. जो राजा स्वतःचा अधिकार मुदुकुडुमीच्या वंशातून आलेला म्हणून सांगतो, त्याला मुदुकुडुमीचे कर्जही नाकारता येत नाही. वारसा घेणे म्हणजे देणेकऱ्याची जागा घेणे. नेडुंजडैयनला आपला वंश इतका प्राचीन ठरवणे राजकीयदृष्ट्या सोयीचे होते, हे उघड आहे, आणि तक्रारदाराने त्याच सोयीचा अचूक उपयोग करून घेतला, असेही म्हणता येईल. मात्र येथेही बाजू ऐकू येते ती दान मिळालेल्याचीच. कळभ्रांच्या आणि नंतरच्या काळात ती जमीन कसणाऱ्यांची बाजू मांडायला कोणी रस्त्यात उभे नव्हते.

धर्माच्या क्षेत्रात ही मर्यादा अधिक बोचरी होते. पांड्य प्रदेशात जैन परंपरा फार जुनी आहे. मदुरैजवळच्या मांगुळम येथील तमिळ ब्राह्मी लेखांत, म्हणजे तमिळसाठी वापरलेल्या प्राचीन ब्राह्मी लिपीत, नेडुंचेळियन याच नावाच्या एका आधीच्या राजाच्या काळी कणी नंद या जैन मुनीसाठी करवलेल्या दगडी शय्यांची नोंद असून ते लेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाइतके मागे नेले जातात. सातव्या शतकात नेडुमारन या जैन पांड्य राजाला तिरुज्ञानसंबंदर या शैव संताने राणी मंगैयर्क्करसी आणि मंत्री कुलच्चिरै यांच्या साहाय्याने शैव केले, आणि वादात हरलेल्या आठ हजार जैनांना सुळी देण्यात आले, अशी कथा बाराव्या शतकात सेक्किळारने ‘पेरियपुराणम्’मध्ये विस्ताराने सांगितली. राजा, राणी आणि मंत्री हे तिघेही शैवांच्या ६३ नायन्मार संतांत गणले जातात. सुळी देण्याच्या कथेला समकालीन आधार नाही आणि नवव्या शतकात श्रीमार श्रीवल्लभ या पांड्याच्या राज्यात शित्तन्नवासल येथील जैन गुहेचा जीर्णोद्धार झाल्याचा शिलालेख आहे, त्यामुळे इतिहास म्हणून तिच्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. तथापि ती रचली गेली, गौरवाने सांगितली गेली आणि तिच्यात राजाला कोणी जाब विचारला नाही, एवढी वस्तुस्थिती उरतेच.

मदुरैच्या शैव परंपरेने राजा आणि ईश्वर यांच्या नात्याला दिलेले रूप गुंतागुंतीचे आहे. मलयध्वज पांड्याची कन्या तडातकै हीच मीनाक्षी, तिचा पती सुंदरेश्वर म्हणजे सुंदर पांड्य होऊन राज्य करणारा शिव, अशी श्रद्धा असल्याने मदुरैत देवता हीच राज्यकर्ती आहे. आजही चैत्री उत्सवात मीनाक्षीला मुकुट, पांड्यांचे प्रतीक असलेली कडुलिंबाच्या फुलांची माळ आणि सेंगोल देऊन राज्याभिषेक होतो व चार महिन्यांनी आवणी महिन्यात राज्य सुंदरेश्वराकडे जाते. पांड्यांनंतर आलेल्या नायक राजांनीही देवीकडूनच राजदंड स्वीकारण्याची प्रथा पाळली. देवतेचा प्रतिनिधी म्हणून राज्य करणारा राजा नम्र होईल, ही अपेक्षा योग्य असली तरी देवतेच्या आडोशाला राहून तो अधिक निरंकुशही होऊ शकतो, आणि केवळ राज्याभिषेकाच्या विधीतून या शंकेचे निरसन होत नाही.

हे निरसन थोडेफार होते ते परंजोती मुनिवराच्या ‘तिरुविळैयाडल पुराणम्’मधील वैगैच्या पुराच्या कथेत. शिवाच्या ६४ लीलांच्या या संग्रहात, पुराने फुटलेला बांध घालण्यासाठी प्रत्येक घराने माणूस द्यावा अशी आज्ञा अरिमर्दन पांड्य काढतो. पिट्टु, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ, विकून जगणाऱ्या वंदी या एकाकी म्हातारीकडे पाठवायला कोणी नसते. शिव मजूर होऊन येतो, मजुरी म्हणून पिट्टु खातो, काम टाळून झोपतो, आणि संतापलेला राजा त्याच्या पाठीवर छडी मारतो. तो वळ राजाच्या, राणीच्या, मंत्र्यांच्या आणि सगळ्या प्राणिमात्रांच्या पाठीवर उमटतो. अद्वैताचा दृष्टांत म्हणून ही कथा सांगितली जाते. परंतु तिचे राजकीय तात्पर्य त्याहून कमी महत्त्वाचे नाही, कारण येथे दंडाचा आघात करणाऱ्याकडे परत येण्यासाठी परलोकाची, पुढील जन्माची किंवा वरुणाच्या पाण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ज्याच्यामुळे तो परत येतो तो वेठीला धरलेला, अनोळखी, आळशी दिसणारा मजूर आहे. हजार सोनार आणि आठ हजार जैन ज्या परंपरेला दिसले नाहीत, तिनेच हा मजूर पाहिला.

तेराव्या शतकात जटावर्मन सुंदर पांड्याच्या काळी या वंशाने वैभवाचा कळस गाठला, आणि १३१०च्या सुमारास सुरू झालेल्या भाऊबंदकीनंतर १३११च्या मलिक काफूरच्या स्वारीने तो खचला. मदुरै हातची गेलेल्या पांड्यांची एक शाखा दक्षिणेकडे तेनकाशीला राहिली. तेथे पंधराव्या शतकात पराक्रम पांड्याने काशी विश्वनाथाचे मंदिर बांधले आणि भिंतीवर तमिळ पद्ये कोरवून घेतली. दान मोडणाऱ्याला नरकाची भीती घालण्याची कोरीव लेखांतील रूढ पद्धत सर्वत्र आढळते, महाराष्ट्रातील शिलाहार व यादवांच्या काळच्या अनेक लेखांवर तर शाप म्हणून गाढवाचे शिल्पही कोरलेले असते. पराक्रम पांड्याने यांतील एका पद्यात मात्र वेगळी वाट धरली. या मंदिरात पुढे कधी काही उणीव निर्माण झाली आणि कोणी ती दूर करून मंदिर सांभाळले, तर तो कोणीही असो, त्याला आपण साऱ्या जगाच्या साक्षीने वंदन करतो, असे त्याने लिहवले. भविष्यातील त्या माणसाचे कुळ, पंथ किंवा पद त्याने विचारलेले नाही. मंदिराचे मूळ गोपुर कालांतराने भग्न झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी त्याच जागी नवे गोपुर उभारले.